शिक्क्याची वरची बाजू

पाचवा शिक्का कापसावर ठेवायला उचलला आणि अंगठा कडेवरून फिरवला. त्याच्या वरच्या कडेला खाच नव्हती.

आधीच्या चारांना होती. मी ते चारही परत डब्यातून बाहेर काढले, ट्यूबलाइटखाली धरून एकेक फिरवून पाहिले. चार खाचा, चार शिक्के. पाचवा कोरा. आणि मला पक्कं आठवत होतं की दुपारी बदलापूरला बसून मी पाच खाचा मारल्या होत्या. तोंडाने मोजत मारल्या होत्या. एक, दोन, तीन, चार, पाच, मग कानस कपड्याला पुसली, पिशवीत टाकली. म्हणजे पाचवी खाच दुसऱ्या कशावर तरी पडली होती. त्या टेबलावर सहावी वस्तू एकच होती, आणि ती चार हजार वर्षांहून जुनी होती.

मी दुकानातल्या स्टुलावर बसून राहिले. समोर गिऱ्हाईक उभं होतं, सोसायटीचा गोल शिक्का न्यायला आलेलं, आणि मी त्याला उद्या या म्हणून सांगितलं. तो शिक्का तयार होऊन माझ्या कोपरापाशीच पडला होता.

आमचं दुकान उल्हासनगरला, रबरी शिक्क्यांचं. वडिलांनी काढलेलं, आता मी चालवते. राहायला अंबरनाथ पूर्वेला, पण जीव सगळा इथेच, या दहा बाय आठच्या खोलीत. वडिलांच्या वेळी टाइप जुळवून, प्लॅस्टरचा साचा काढून, त्यात रबर दाबून शिक्का व्हायचा. आता लेझर मशीन आहे, मला फारसं काही करावं लागत नाही आणि म्हणून माझे हात शिवशिवत असतात. वडिलांची एक शिस्त मात्र मी सोडली नाही. शिक्का तयार झाला की मुठीच्या लाकडावर, वरच्या बाजूला, कानशीची एक खाच मारायची. घाईत उचललेला शिक्का अंगठ्याला कळला पाहिजे, बघावं लागता कामा नये, असं ते म्हणायचे. बँकेत, कोर्टात, तहसीलला माणूस न बघताच शिक्का मारतो. खाच नसलेला शिक्का वडिलांनी दुकानाबाहेर जाऊ दिला नाही. मलाही खाच मारल्याशिवाय शिक्का हातातून सोडवत नाही, ती सवय हाडात गेली आहे.

शेजारच्या दुकानातले दादा. सिंधी लोक थोरल्या माणसाला दादा म्हणतात, तसे ते सगळ्या गल्लीचे दादा. चेनी आणि बटणांचं त्यांचं दुकान आता मुलगा बघतो. दादा पंच्याऐंशीच्या पुढचे, काचबिंदूने डोळे गेलेले, दिवसभर बाहेर खुर्ची टाकून बसतात आणि चपलांच्या आवाजावरून माणूस ओळखतात. फाळणीत सिंधमधून ते आले तेव्हा लहान होते. त्यांच्या आईच्या ट्रंकेत कपड्यांबरोबर एक दगड होता. इंचभर चौकोनी, मागे भोक असलेली गोलसर गाठ, आणि पुढे कोरलेला एकशिंगी बैल. वर चार-पाच चिन्हं, ती कुणालाच वाचता येत नाहीत. सिंधमध्ये आजोबांना शेत नांगरताना सापडलेला. उल्हासनगरला निर्वासितांच्या बराकीतल्या त्यांच्या घरात तो वर्षानुवर्षं देवाजवळ पडून होता. वीस-बावीस वर्षांपूर्वी कुणीतरी जाणत्या माणसाने तो ओळखला आणि सांगितलं की ही सिंधू संस्कृतीतली मोहर आहे, म्हणजे शिक्का, असली वस्तू घरात ठेवायची नसते. दादांनी रीतसर कागद करून तो बदलापूरला दिला.

बदलापूरला म्हणजे बेलवलीत, एका संस्थेच्या पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचं संग्रहालय आहे. तिथे एक मॅडम आहेत, त्याच सगळं बघतात. झाडूसुद्धा कधीकधी त्याच मारतात. मॅडमना वाटलं, अंध शाळेची मुलं येतात आणि त्यांना काचेपलीकडचं काहीच मिळत नाही, तर या शिक्क्याच्या पाच नकला करू, मुलांना हातात देऊ. दादांनी माझं नाव सांगितलं. खरं सांगते, त्या दिवशी मी दुकान लवकर बंद करून पेढे आणले होते.

दोन महिने खपले. ज्याची पूड टाल्कम पावडरीत जाते तो शंखजिऱ्याचा मऊ दगड आणला, फोटो आणि बैलाचा प्लॅस्टरमधला ठसा समोर ठेवून कोरला, उलटा. शिक्का कोरायचा तर सगळं उलटं कोरावं लागतं, ते माझ्या अंगवळणी आहे. मग अंबरनाथच्या एमआयडीसीत एका ओळखीच्या भट्टीत भाजून घेतला. भाजल्यावर तो दगड कडक होतो; त्या काळचे लोकही भाजायचेच. एवढ्यावर थांबले असते तर आज हे लिहायची वेळ आली नसती. मॅडमनी बजावलं होतं, नक्कल जरा पांढरीच ठेवा, अस्सल वाटता कामा नये. मी हो म्हटलं आणि घरी येऊन चहाच्या अर्कात आणि काजळीत तीन-तीनदा बुडवून त्या हुबेहूब जुन्या केल्या. आम्ही उल्हासनगरची माणसं. आमच्या मालाला आयुष्यभर लोक हसले, डुप्लिकेट म्हणून. मला दाखवायचं होतं की डुप्लिकेट करायलाही हात लागतो. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

तर त्या दुपारी मॅडमनी अस्सल शिक्का बाहेर काढून मखमलीवर ठेवला, मला सुती हातमोजे दिले, आणि मी माझे पाच शेजारी मांडून शेवटची पारख करत होते. मधेच सुतार आला. टेबलाची उंची दाखवायला मॅडम शेजारच्या खोलीत गेल्या. मुलांना वरची बाजू कळावी म्हणून खाचा मारायच्या हे आधीच ठरलं होतं, म्हणून मी कानस काढली. एक शिक्का उचलला, खाच, ठेवला. दुसरा उचलला. सुतार आत हातोडी मारत होता, माझं मन घरी संध्याकाळच्या भाजीत होतं आणि हात आपलं काम करत होते. हातमोज्यांतून सगळे दगड एकसारखेच लागतात.

त्या रात्री झोप लागली नाही. नवऱ्याला सांगितलं नाही. तो म्हणाला असता फोन कर आणि सांगून टाक, आणि तेच मला ऐकायचं नव्हतं. परवा उद्घाटन होतं. मुलं यायची होती, दादा यायचे होते. दादांनी त्यासाठी नवा कुर्ता शिवायला टाकला होता, रोज मला विचारायचे, हुआ क्या, बेटा, बराबर हुआ क्या. सिंधमधल्या त्यांच्या घरातून आलेली ती एकच वस्तू उरली होती. ट्रंकसुद्धा राहिली नव्हती.

सकाळी मी तीन गोष्टी केल्या. दुकान उघडून कोऱ्या पाचव्या शिक्क्याला खाच मारली. छोट्या बाटलीत चहाचा अर्क आणि काजळी कालवून घेतली. आणि मॅडमना फोन करून म्हटलं, रंग एकदा अस्सलशी ताडून बघायचाय, येऊ का. आवाज अगदी साधा ठेवला. स्कूटर काढली आणि अंबरनाथ ओलांडून बदलापूरला जाईपर्यंत स्वतःलाच समजावत राहिले की कदाचित मी मोजण्यात चुकले असेन, खाच टेबलाच्या कडेवर पडली असेल. देवाला नवस बोलायचं तेवढं राहिलं.

मॅडमनी शिक्का काढून दिला. मी भिंग डोळ्याला लावलं आणि कड वर केली.

होती. पांढरीफटक, ताजी, माझ्या हाताची. इतकी सरळ आणि नेमकी की दुसऱ्या कुणाची म्हणायची सोय नव्हती. मग भिंग जरा सरकलं आणि दोन सूत अंतरावर आणखी एक खाच दिसली. काळपट, तिच्या कडा झिजलेल्या, आत मळ बसलेला. माझ्याकडच्या फोटोंमध्ये ही कड आलीच नव्हती. पण जागा तीच होती, बैलाच्या डोक्यावरची, वरच्या बाजूची.

काही क्षण मी माझी चूक विसरले. म्हणजे हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी, सिंधूकाठी, शिक्का उचलताना अंगठ्याला कळावं म्हणून अशीच खाच मारली होती. माझ्या वडिलांसारखा कुणीतरी होता तिथे. मला रडू आलं, खरंच आलं. मॅडमनी विचारलं, काय झालं, आणि मी म्हटलं, डोळ्यात काहीतरी गेलं. त्या पाणी आणायला उठल्या.

आता पुढचं सांगायला लाज वाटते, पण सांगते. त्या जुन्या खाचेचा रंग मी नमुना म्हणून वापरला. बाटली काढली, ब्रशाचं टोक बुडवलं आणि माझी खाच तिच्यासारखी काळी केली. दोनदा लावलं, फुंकर घातली, बोटाने मळवलं. मॅडम पाण्याचा ग्लास घेऊन आल्या तेव्हा मी हातमोजे काढत होते. म्हटलं, रंग बरोबर जुळतोय.

पाणी प्यायले. गोड लागलं नाही, पण प्यायले.

उद्घाटनाला अकराची वेळ होती. मुलं आली, ओळीने एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून. त्यांना शेजारच्या खोलीत टेबलाभोवती बसवलं आणि माझे पाच शिक्के त्यांच्या हातात गेले. एका मुलीने लगेच खाच शोधली आणि शेजारणीला म्हणाली, इकडे डोकं आहे बघ. एरवी मी त्या एका वाक्यावर महिनाभर जगले असते. त्या दिवशी मात्र माझं लक्ष पलीकडच्या खोलीत होतं, जिथे नव्या कुर्त्यातले दादा बसले होते आणि मॅडम काचेचं कपाट उघडत होत्या.

हे ठरलेलं नव्हतं. मॅडमच्या मनात ऐन वेळी आलं. मुलांना आपण नकला देतोय, पण हा माणूस लहानपणापासून ज्याला हात लावत आला, त्याला एकदा तरी अस्सल द्यावा. मी दारात पोहोचेपर्यंत शिक्का दादांच्या तळहातावर होता. हातमोजे नाहीत, काही नाही.

दादांनी आधी मागची गाठ चाचपली. मग बैल. मग त्यांचा अंगठा सरळ वरच्या कडेला गेला, न शोधता. आणि तिथे थांबला. थोडा सरकला, परत मागे आला.

"यह दूसरी कहाँ से आई?" ते म्हणाले.

"दूसरी क्या, दादा?" मॅडमनी विचारलं.

"निशानी. एक थी."

मी चौकट धरून उभी होते. मॅडमनी शिक्का अलगद घेतला, खिडकीशी नेला, भिंग लावलं. बराच वेळ लावून धरलं. मग वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. दोन खाचा आहेत म्हणाल्या, दोन्ही जुन्या, सारख्याच रंगाच्या, इतकी वर्षं आपण कड नीट बघितलीच नाही. वापरणाऱ्याने वरची बाजू कळावी म्हणून मारल्या असणार. याचा फोटो पुण्याला एका सरांना आत्ताच पाठवते म्हणाल्या आणि मोबाइल काढला.

"मैडम, एक ही थी," दादा म्हणाले.

"हाँ दादा," मॅडम म्हणाल्या. त्या फोटो काढत होत्या. "बहुत साल हो गए ना."

म्हाताऱ्या माणसाशी बोलतात त्या आवाजात म्हणाल्या. मऊ, जरा मोठ्याने. वाईट हेतू काहीच नव्हता. पण मी दादांचा चेहरा पाहिला. ते आपल्याच अंगठ्यावर बोट फिरवत बसले, तो अंगठाच चुकला असावा अशा रीतीने. ज्या माणसाचे डोळे गेले आणि हातावर सगळा भरवसा उरला, त्याला मी एका ब्रशाने खोटं पाडलं होतं. आणि फोटो पुण्याला गेला की ते खोटं कुणाच्या तरी लेखात छापून आलं असतं.

"मॅडम, पाठवू नका," मी म्हटलं. "दादा बरोबर बोलतायत. दुसरी खाच माझी आहे."

त्यांना कळेचना. मग मी सगळं सांगितलं, सुतारापासून बाटलीपर्यंत. एका दमात सांगितलं, कारण थांबले असते तर पुढचं गिळून टाकलं असतं. पलीकडे मुलं हसत होती. मॅडमनी ओल्या कापसाचं टोक हळूच खाचेवर टेकवलं आणि तो काळा झालेला पाहिला. त्या खुर्चीत बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, काल तुम्ही माझ्यासमोर पाणी प्यायलात.

मी त्यांच्या हातातला काळा कापूस घेतला.

"ठीक आहे," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "निदान एक तरी खरी आहे. जुनी तरी आहे." आणि भिंग परत उचललं.

दादांनी घसा साफ केला. "वह मेरी अम्मा की है," ते म्हणाले.

आम्ही दोघी त्यांच्याकडे बघत राहिलो.

त्यांनी सांगितलं ते असं. थदडीचा सण असतो त्यांचा, आपल्या शिळासप्तमीसारखा, आदल्या दिवशी रांधून गार खायचं. त्यासाठी गोड जाड पोळी करतात, तिला मिठो लोलो म्हणतात. बराकीत राहायला आल्यावर आई प्रत्येक लोल्यावर हा दगड दाबायची, मुलांना बैल हवा असायचा म्हणून. पण बराकीत उजेड नव्हता, दगड चौकोनी, कधी बैल उलटा उठायचा, पाय वर. उलटा बैल ज्याच्या वाट्याला येई तो रडायचा. म्हणून आईने एकदा वडिलांची रेती घेतली, म्हणजे कानसच, आणि वरच्या बाजूला एक खूण केली. त्यानंतर बैल कधी उलटा उठला नाही.

मॅडमनी भिंग टेबलावर ठेवलं. "दादा, कागद केला तेव्हा हे का नाही सांगितलंत?"

दादांनी हात पुढे करून शिक्का मागितला. मॅडम क्षणभर घुटमळल्या आणि मग दिला.

मला ते काम परत मिळालं नाही. मिळू नये हेच बरोबर होतं, आणि मला त्याचा राग आला हेही खरं. मुलांच्या नकला मात्र ठेवल्या. अस्सल शिक्क्याजवळच्या पाटीवर आता शेवटी एक ओळ आहे: वरच्या कडेवरील दोन खाचा अलीकडच्या काळातील आहेत. कुणाच्या ते लिहिलेलं नाही.

त्या दिवशी दादांना न्यायला त्यांच्या मुलाची गाडी यायची होती. आम्ही दोघं जिन्याखाली बाकावर बसलो होतो. मी वाट बघत होते की आता ते बोलतील, आता बोलतील. बोलावं असं मलाच वाटत होतं. शेवटी मीच म्हटलं, दादा, मला शिव्या घाला, पण असे गप्प बसू नका.

त्यांनी रस्त्याकडे तोंड वळवलं.

"जिस दिन उस साहब ने बताया कि यह क्या चीज़ है," ते म्हणाले, "मैं घर गया और अम्मा को बहुत बोला. अस्सी साल की थी. बोला, तूने इतनी बड़ी चीज़ बिगाड़ दी, अनपढ़. सबके सामने बोला."

मी त्यांच्याजवळ सरकले.

"फिर उसने लोला नहीं बनाया. कभी नहीं. थदडी पर भी नहीं."

गाडी आली. मुलाने दार उघडलं. दादांनी माझा हात चाचपत शोधला, अंगठ्यापाशी धरला आणि त्याच्या आधाराने उभे राहिले.

"तुझे नहीं बोलूँगा," ते म्हणाले.